पाणवठ्यावरचा प्रश्न

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात दिल्लीतील द्वारका येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर.)

लग्नमंडपात मंगलाष्टके संपत येतात, अंतरपाट धरलेला असतो, अक्षता मुठीत घट्ट झालेल्या असतात आणि पुरोहित खणखणीत आवाजात 'सावधान' म्हणतात. हा शब्द ऐकून जांब गावचा बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून निघून गेला आणि पुढे समर्थ रामदास झाला, ही आख्यायिका मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी ऐकलेली असते. आख्यायिकेचा सारा भर निघून गेलेल्या त्या एका मुलावर आहे. पण तोच शब्द ऐकून जागच्या जागी उभे राहिलेले, अंतरपाट दूर झाल्यावर समोरच्याच्या गळ्यात माळ घातलेले आणि त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षे एकाच छपराखाली काढलेले लोक असंख्य आहेत. शब्द खरे तर त्यांच्यासाठीच उच्चारलेला असतो. सावधान, म्हणजे अवधान ठेवा. ते कोणावर ठेवायचे, कशावर ठेवायचे, हे मात्र मंडपात कोणी सांगत नाही, आणि सनई-बँडच्या आवाजात विचारायला सवडही नसते.

स्वतःला ओळखायचे तर घराबाहेर पडावे लागते, अशी एक समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. ज्यांनी मनाचा तळ गाठला त्यांच्या चरित्रात उंबरठा ओलांडण्याचा प्रसंग हमखास येतो. धर्मानंद कोसंबी हे या मालिकेतले अलीकडचे आणि मराठी वाचकाला सर्वांत जवळचे नाव. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम. मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकातले बुद्धचरित्र वाचून या तरुणाला जे वेड लागले ते अखेरपर्यंत सुटले नाही. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी होती. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बुद्धगया, श्रीलंका, ब्रह्मदेश असा तो प्रवास; कधी अन्नछत्रातले जेवण, कधी तेही नाही. पाली भाषेचे जे ज्ञान त्यांनी या हालांतून मिळवले त्याच्या बळावर पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे वर्ग चालले आणि अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाला 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी या गोमंतकीय पंडिताला बोलवावे लागले.

'निवेदन' या आत्मचरित्रात कोसंबींनी घर सोडण्याची ही हकिकत लपवलेली नाही, तिला वैराग्याचा मुलामाही दिलेला नाही. मराठी आत्मचरित्रांत इतका सरळपणा विरळाच. तरीही हे निवेदन एकाचेच आहे. तान्ह्या मुलीला घेऊन जी मागे राहिली तिच्या मनात त्या वर्षांत काय चालले होते, हे त्या पानांतून ऐकू येत नाही.

याच कोसंबींनी १९४०-४१ मध्ये 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात एक विलक्षण गोष्ट केली. सिद्धार्थ मध्यरात्री, पत्नी व नवजात मुलगा झोपेत असताना, चोरपावलांनी निघून गेला, ही सर्वतोमुखी झालेली कथा त्यांनी अमान्य केली. जुन्या सुत्तांचा आधार देऊन त्यांनी दाखवले की तिथे गृहत्याग उघड आहे. वडीलधारी माणसे रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत तो घडलेला आहे. त्याचे कारणही त्यांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत यांच्या दर्शनात न शोधता शाक्य आणि कोलिय या दोन नातेसंबंधी कुळांमधील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात शोधले. म्हणजे नात्यातल्या माणसांनी पाण्यासाठी एकमेकांवर उगारलेली शस्त्रे पाहून सिद्धार्थ निघाला. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या द्वारकेतल्या सोसायट्यांना हे कारण दूरचे वाटू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत दिल्लीत ज्यावर काम केले आणि जो त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, त्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातही रोहिणीचा तंटाच मध्यवर्ती आहे. तिथे सिद्धार्थ यशोधरेला सांगून, तिच्याशी बोलून निघतो, आणि ती त्याला अडवत नाही. त्याच्या जागी असती तर तिनेही हेच केले असते, असे ती म्हणते. दोन मोठ्या मराठी अभ्यासकांना ही एकच गोष्ट खटकावी, हे योगायोगाने घडलेले नसावे. सारे जग समजून घ्यायला निघालेल्या माणसाने शेजारी झोपलेल्या माणसाला एक शब्दही न सांगता जावे, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते.

राहिलेल्यांसाठीही एक परंपरा आहे, आणि तिचे गाव याच मुलखातले आहे.

मनाचे भान राखण्याची साधना ज्यात सविस्तर सांगितली आहे ते सतिपट्ठान सुत्त मज्झिमनिकायात दहावे आहे. त्याचेच विस्तृत रूप दीघनिकायात बाविसावे आहे. दोन्हींच्या आरंभी स्थळ एकच दिले आहे : कुरुदेशातले कम्मासधम्म हे नगर. कुरूंचा देश म्हणजे आजची दिल्ली, तिच्या भोवतालचा हरियाणा आणि यमुनेपलीकडचा पश्चिम उत्तर प्रदेश. इंदपत्त, म्हणजे इंद्रप्रस्थ, हे पाली ग्रंथांतले कुरूंचे राजनगर. पुढे सम्राट अशोकाने या प्रदेशातही आपला लेख कोरवला. दक्षिण दिल्लीतल्या एका खडकावरचा तो लेख १९६६ साली उजेडात आला. प्रयत्न केला तर केवळ थोरांनाच नव्हे, लहानांनाही उन्नती साधते, असा त्याचा आशय आहे. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर, पापनकला नावाच्या गावाभोवतीच्या शेतांवर दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेले हे द्वारका उपनगर. नाव श्रीकृष्णाच्या नगरीचे, जमीन कुरूंची, आणि आज इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांची मुळे सांगली, नागपूर, रत्नागिरी, बेळगावची.

हे सुत्त कुरुदेशातच का सांगितले, असा प्रश्न पाचव्या शतकात बुद्धघोषाच्या नावे असलेल्या अट्ठकथेने स्वतःच उपस्थित केला आहे आणि त्याचे उत्तर फार सुंदर दिले आहे. त्या देशातली माणसे, अगदी दास आणि नोकरचाकरसुद्धा, या साधनेत रस घेणारी होती. पाणवठ्यावर किंवा सूत कातण्याच्या जागी बायका जमल्या की निरर्थक गप्पा होत नसत. एखादीला बाकीच्या विचारीत की तू कोणते सतिपट्ठान करतेस? कोणतेच नाही, असे ती म्हणाली तर तिला चांगलेच बोल लावीत, जिवंत असून मेल्यासारखी आहेस म्हणत, आणि मग जवळ बसवून एखादी साधना शिकवीत. अमुक करते म्हणाली तर साधुवाद देत. सुत्तात बुद्ध भिक्खूंना उद्देशून बोलतात, पण जो कोणी ही साधना करतो तो इथे भिक्खू समजावा, असा खुलासा अट्ठकथा करते. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन घरी सासूसासऱ्यांकडे, नवऱ्याकडे, मुलांकडे परतणाऱ्या त्या बायका होत्या. अरण्यात जाणे त्यांच्या वाट्याला आले नव्हते.

त्याच अट्ठकथेत एका पोपटाची गोष्ट आहे. तो एका नटाचा होता. नट भिक्खुणींच्या विहारात उतरला आणि जाताना पोपट विसरून गेला. श्रामणेरींनी त्याला सांभाळले. थोरल्या भिक्खुणीने विचार केला की इथे राहणाऱ्याने काहीतरी साधना केलीच पाहिजे, आणि त्याला 'अट्ठि, अट्ठि', म्हणजे 'हाडे, हाडे', एवढाच शब्द शिकवला. एके सकाळी उन्हात बसलेल्या त्या पोपटाला ससाण्याने उचलले. श्रामणेरींनी आरडाओरडा करून त्याला सोडवला. घेऊन जात असताना काय वाटत होते, असे त्याला विचारले. तेव्हा हाडांचा एक सांगाडा दुसऱ्या सांगाड्याला नेतो आहे, कुठे नेऊन विखुरणार कोण जाणे, एवढेच मनात होते, असे तो म्हणाला. ऐकणाऱ्याला हसू येते, पण मुद्दा पक्का आहे. झडप येते त्या क्षणी नवीन काही सुचत नाही. आधी रोज घोकलेले असेल तेवढेच कामी येते.

घरातल्या झडपाही अशाच येतात. त्यांना पंख नसतात, एवढेच.

सुत्तातील साधनेची चार क्षेत्रे आहेत : शरीर, संवेदना, चित्त आणि मनात येणारे विषय. यांतले संवेदनेचे क्षेत्र नात्यांच्या दृष्टीने सर्वांत कामाचे आहे. कोणी काही बोलते आणि त्यावर तोंडातून काही निघते, यांच्या मध्ये एक फट असते. ती इतकी अरुंद असते की बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ता लागत नाही. त्या फटीत शब्द नसतात. तिथे कानशिले तापतात, पोटात गोळा येतो, जबडा आवळतो, घसा कोरडा पडतो. तोंडातून निघणारे उत्तर समोरच्याच्या वाक्याला दिलेले असते असे वाटते. पुष्कळदा ते या तापलेल्या कानशिलांना दिलेले असते. सुत्त इथे राग घालवा असे म्हणत नाही. द्वेषाने भरलेले चित्त हे द्वेषाने भरलेले चित्त आहे, एवढे जाणावे, असे ते सांगते. ही मागणी वाटते तितकी सोपी नाही. रागावलेल्या माणसाला 'तू रागावला आहेस' असे सांगून पाहावे. तो ओरडून सांगतो की तो अजिबात रागावलेला नाही.

१८८१ साली टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 'सति' या पाली शब्दासाठी इंग्रजीत 'माइंडफुलनेस' हा प्रतिशब्द वापरला आणि १९७९ पासून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी तो रुग्णालयात नेला. आज तोच शब्द गुरुग्रामच्या कचेऱ्यांतल्या कार्यशाळांतून आणि शाळांतल्या समुपदेशकांच्या तोंडून द्वारकेत परत आलेला आहे. कुरुदेशातला माल विलायतेला जाऊन नव्या वेष्टनात परतावा, याचे नवल वाटण्याचे दिवस गेले. मराठीत त्यासाठी 'भान' हा शब्द पुरेसा आहे. भान असते, भान सुटते, भानावर येतो. शब्दातच सारी साधना आहे.

सुत्तात आणखी एक तपशील आहे, जो सहज नजरेतून निसटतो. जाता-येता, वळून पाहताना, हात आखडताना-पसरताना, खाताना-पिताना जाणीव ठेवावी, असे सांगत सांगत ही यादी बोलण्यापाशी येते आणि त्याच्या जोडीला गप्प राहणेही सांगते. बोलताना भान ठेवावे, हे कोणीही सांगेल. गप्प राहतानाही ठेवावे, हे सांगायला मनुष्यस्वभावाची पारख लागते.

मराठी घरांत गप्प राहण्याचे एक पूर्ण शास्त्र आहे. अबोला, रुसवा, फुगवा, घुमेपणा, मौन ही काही एकच गोष्ट नव्हे. अबोल्यात माणूस बोलत नाही असे नाही. तो भांडी आपटून बोलतो, ताट जरा जास्तच सरकवून बोलतो, मुलाकरवी निरोप धाडून बोलतो. 'बाबांना सांग, जेवण वाढलंय.' बाबा समोरच बसलेले असतात. अबोला धरणाऱ्याला बहुधा असे वाटते की तो संयम पाळतो आहे, आणि शेजारचे माणूस मात्र शिक्षा भोगत असते. अशा वेळी स्वतःच्या गप्प राहण्याकडे नीट पाहिले तर कळते की ही शांतता विश्रांतीची आहे, भीतीची आहे की दुसऱ्याला टोचण्याची आहे. तिन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. आतून ओळखण्याचे काम ज्याचे त्यानेच करायचे असते. दुसरे कोणी त्याच्या वतीने ते करू शकत नाही.

टोमण्याचेही तसेच. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण ज्या कोणी पहिल्यांदा म्हटली असेल तिने माणसांचे निरीक्षण फार बारकाईने केले असले पाहिजे. तोंड लेकीकडे, बाण सुनेकडे. म्हण सुनेच्या बाजूने आहे असे मानले जाते. पण ती बोलणारीलाही उपयोगी पडू शकते : आवाज एका दिशेला गेला आणि डोळ्यांची कड दुसऱ्या दिशेला वळली, हे तिला स्वतःला त्या क्षणी जाणवले, तर वाक्य अर्ध्यावर थांबू शकते. अर्धवट थांबलेल्या टोमण्यांची नोंद कोणत्याही घराच्या इतिहासात होत नाही. घरे मात्र बऱ्याच अंशी त्यांच्यावरच टिकलेली असतात.

शाळेत ज्यांनी 'मनाचे श्लोक' पाठ केले, त्यांना त्यांची संख्या, २०५, बहुधा आजही आठवत असेल, कारण पाठांतराच्या स्पर्धेत ती आठवावी लागे. त्यांतला संबोधनाचा भाग मात्र लहानपणी लक्षात येत नाही. हे श्लोक शेजाऱ्याला, धाकट्या भावाला किंवा जावेला उद्देशून नाहीत. बोलणारा आपल्याच मनाशी बोलतो आहे, आणि त्याला 'सज्जन' म्हणतो आहे. स्वतःच्या मनाला रागे न भरता, लाडही न करता, एखाद्या बऱ्या माणसाशी बोलावे तसे बोलण्याची ही रीत आत्मनिंदेपेक्षा अगदी निराळी आहे. उलट 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकातला पहिला समास, मूर्खलक्षणाचा, वाचताना बहुतेकांना एखादा मेहुणा, एखादी नणंद, कचेरीतला वरिष्ठ आठवत जातो. यादी लांबलचक आहे, तरी आरशात कोणी दिसत नाही. समर्थांनी म्हणूनच की काय, त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाचीही लक्षणे दिली.

नव्याने आत्मनिरीक्षण करू लागलेल्या माणसाचा हा पहिलाच खड्डा असतो. दोन पुस्तके वाचून, एखादे शिबिर करून आलेली व्यक्ती घरच्यांचे परीक्षण सुरू करते. 'तुझा अहंकार बोलतोय', 'तू आत्ता प्रतिक्रिया देतेस' अशी वाक्ये जेवणाच्या टेबलावर ऐकू येऊ लागतात. सुत्तात निरीक्षणाचा क्रम ठरलेला आहे : आधी आतले, मग बाहेरचे, मग दोन्ही. पहिली पायरी गाळून दुसरीवर चढलेल्या माणसापेक्षा जुना रागीट माणूस घरच्यांना परवडतो.

या संदर्भात द्वारकेहून फार दूर नसलेल्या एका ठिकाणाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. ब्लू लाइनने द्वारकेहून निघाले की जनकपुरी मागे पडते आणि तिलक नगर येते. मराठी कानाला ते टिळकनगरच ऐकू येते. त्या परिसरातच तिहार कारागृह आहे. किरण बेदी तेथील महानिरीक्षक असताना नोव्हेंबर १९९३ मध्ये तिथे विपश्यनेचे शिबिर झाले आणि एप्रिल १९९४ मध्ये एक हजारांहून अधिक कैदी सत्यनारायण गोएंका यांच्या मार्गदर्शनाखाली दहा दिवस डोळे मिटून बसले. गोएंका ब्रह्मदेशातून १९६९ साली ही साधना घेऊन भारतात आले. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या केंद्रामुळे त्यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. कारागृहातले पहिले शिबिर त्यांनी १९७५ सालीच जयपूरला घेतले होते. तिहारमधील प्रयोगावरचा माहितीपट १९९७ साली आला. शिबिर संपल्यावर कैदी कारागृहाच्या अधिकाऱ्यांना मिठी मारून रडतात, हे त्यातले दृश्य ज्याने पाहिले तो विसरत नाही.

तुरुंगाची घराशी तुलना काहींना रुचणार नाही, आणि ती फार ताणूही नये. साम्य एकच आहे : दोन्हीकडे सोबतची माणसे निवडून घेतलेली नसतात आणि वाटेल तेव्हा उठून जाता येत नाही. कोसंबींना, सिद्धार्थाला, नारायणाला जे करता आले ते तिहारमधल्या कैद्याला करता येत नाही, आणि बहुसंख्य आयांनाही करता येत नाही. भान राखायचे ते त्या भिंतींच्या आतच.

दहा दिवसांचे शिबिर आणि घर यांतला फरकही तितकाच खरा आहे. शिबिरात दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन असते. जेवण तयार मिळते, कोणी काही मागत नाही, शाळेतून फोन येत नाही. अकराव्या दिवशी घराची बेल वाजते. दार उघडणाऱ्याचे पहिले वाक्य बहुधा 'आलात? गॅस संपलाय' असे असते. खरी परीक्षा त्या वाक्यापाशी सुरू होते, आणि तिथे नापास झाल्याने निराश होऊन साधना सोडणारे पुष्कळ. त्या पाणवठ्यावरच्या बायकांना अकरावा दिवस नव्हताच. त्यांचा रोजचा दिवस तोच होता.

एक गोष्ट इथे निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे, कारण अशा विषयावरच्या व्याख्यानांत ती सहसा सांगितली जात नाही. जिथे मारहाण आहे, धमकी आहे, सततचा अपमान आहे, तिथे मार खाणाऱ्या व्यक्तीला संवेदनांचे निरीक्षण करण्याचा सल्ला देणे हा अन्याय आहे. तिथे आधी सुरक्षित जागा हवी, माहेरचे किंवा शेजारचे दार उघडे हवे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा माहीत हवा. निरीक्षणाची गरज हात उगारणाऱ्याला आहे. सोसणाऱ्याच्या सोशिकतेला अध्यात्माचे नाव देऊन आपल्या समाजाने पुष्कळ घरे आतून कुजू दिली आहेत.

आता साध्या, बऱ्या घराकडे वळावे. द्वारकेतल्या एखाद्या सहकारी सोसायटीतला सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणावा. घरचा कर्ता पुरुष मराठी शाळेतून शिकून नोकरीनिमित्त दिल्लीत आलेला, पत्नी लखनौची, मुलगा अकरा वर्षांचा. सांगलीहून आजी आल्या आहेत. संध्याकाळी आजी विचारतात, 'जेवलास का रे?' मुलगा मोबाइलवरून मान न उचलता म्हणतो, 'हाँ दादी, खा लिया.' बाप दुसऱ्या खोलीतून कडाडतो, 'आजीशी मराठीत बोल, किती वेळा सांगायचं!' मुलगा उठून आत जातो. दार लागते. आजी म्हणतात, 'असू दे रे.' सूनबाई काहीच म्हणत नाहीत. दिल्लीत, बंगळूरमध्ये, न्यू जर्सीत हा प्रसंग इतक्या मराठी घरांत घडतो की त्याला आता कोणी प्रसंगही म्हणत नाही.

मुलांच्या मराठीविषयी अशा मेळाव्यांत तळमळीने बोलले जाते, आणि बोलायला हवेच. हीरकमहोत्सव साजरा करणाऱ्या मराठी शाळेचे माजी विद्यार्थी त्याबद्दल बोलणार नाहीत तर कोण बोलेल? पण त्या बापाने कडाडण्याच्या आधीच्या फटीत एकदा डोकावून पाहिले, तर तिथे त्याला काय दिसेल? भाषेवरचे प्रेम दिसेल, हे खरे. त्याच्या शेजारी लाज बसलेली दिसेल. आईपुढे नापास झाल्याची लाज, आणि आईच्या पाठीमागे उभ्या असलेल्या, शुद्धलेखनाच्या वहीवर लाल शाईने खुणा करणाऱ्या कुणा गुरुजींपुढची लाज. आई काही बोललेली नसते. गुरुजी तर तिथे नसतातच. ओरडा मात्र अकरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला आलेला असतो, ज्याने फक्त जेवल्याचे सांगितले होते.

त्याने आणखी थोडे पाहिले, समजा आठवडाभर केवळ लक्ष ठेवले, की आपल्या तोंडातून मराठी केव्हा निघते, तर हाती येणारी यादी त्यालाच चकित करील. 'ऊठ.' 'आवर लवकर.' 'मोबाइल ठेव.' 'अभ्यास झाला का?' 'मराठीत बोल.' विनोद हिंदीत, क्रिकेटची चर्चा हिंदीत, शाबासकी इंग्रजीत, लाडाने जवळ घेणे कोणत्याच भाषेत नाही. पत्नीला न कळावे असे काही असेल तर ते मात्र सांगलीला फोनवर, मराठीत. त्या घरात मराठी ही रागावण्याची आणि लपवण्याची भाषा झालेली असते, आणि मूल तिच्यापासून लांब पळते याचे दुःख केले जाते. ही यादी बाहेरच्या कोणी वाचून दाखवली असती तर भांडण झाले असते. स्वतःच्या कानांनी स्वतःला ऐकले म्हणून ती निमूटपणे मान्य होते. तिच्यामुळे लगेच काही सुधारते असेही नाही. काही दिवस केवळ अवघडल्यासारखे होते. 'आवर' म्हणताना जीभ अडखळते.

त्या संध्याकाळी आजींच्या मनात काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. नातू हिंदीत बोलतो याचे त्यांना वाईट वाटते, असे सारे घर धरून चालले होते. त्याही तसेच समजत होत्या. दुपारी एकट्या गॅलरीत बसल्या असताना त्यांनी आपल्याच मनातली बोच चाचपून पाहिली तेव्हा वेगळेच हाती लागले. हिंदी त्यांना खुपत नव्हती. मालिका पाहून ती चांगली समजू लागली होती. खुपले होते ते त्याने मान वर न करणे. आणि हे खुपणे नातवापासून सुरू झालेले नव्हते. त्यांच्या मुलानेही मागच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्याशी बोलताना हातातल्या फोनवरून नजर उचललेली नव्हती. फरक इतकाच की तो मराठीत बोलत होता.

हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. सांगावे की सांगू नये, याचा विचार करीत त्या दोन दिवस राहिल्या, आणि आपले हे गप्प राहणे रुसव्याचे नाही ना, हेही त्यांनी पाहून घेतले. रविवारी मॅच लागली होती. बाप-लेक सोफ्यावर होते, आजी पलंगाच्या कडेला कोथिंबीर निवडत होत्या. चेंडू सीमेपार गेला आणि बापाच्या तोंडून, कोणाला शिकवण्यासाठी नव्हे, सांगलीच्या मैदानावर निघाला असता तसा शब्द निघाला, 'काय टोला हाणलाय!'

मुलाने पडद्यावरून मान वळवली. 'टोला मतलब?'

बाप सांगणार होता. मग तो थांबला आणि आईकडे पाहू लागला. आजींनी कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली, हात झटकले, आणि विटीदांडूचा दांडू कसा धरतात ते लाटणे घेऊन, निम्म्या मराठीत आणि निम्म्या मालिकांच्या हिंदीत, नातवाला दाखवू लागल्या.